शीळ घालणारा दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. पूर्ण दात म्हणणंही आता खोटं ठरेल, कारण माझा वरचा भाग केव्हाच गेला आणि हिरडीच्या वर जेमतेम बुंधा उरला आहे. तरी मी दातच. वरच्या ओळीतला, अगदी मधला, पटाशीचा. नळदुर्गच्या अलीकडे एका वस्तीवर राहणाऱ्या धुळाप्पा नावाच्या मेंढपाळाच्या तोंडात माझा जन्म झाला आणि माझं सगळं बरंवाईट त्याच तोंडात झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार? म्हणून तुम्हाला सांगतो.

धुळाप्पा लहान असताना माझ्या आधीचा दुधाचा दात पडला. त्याच्या आईनं तो शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर भिरकावला आणि म्हणाली, "चांगला निब्बर दात दे." कोणाला म्हणाली ते मला अजून कळलेलं नाही, पण ऐकून मी वर आलो. आलो तो माझ्या जोडीदारापासून जरा अंतर राखून. आम्हा दोघांत ज्वारीचा दाणा अडकेल एवढी फट राहिली. पोरं धुळाप्पाला फटदात्या म्हणून चिडवायची. तो ओठ मिटून हसायला शिकला आणि मला बरेच दिवस उजेड दिसला नाही.

मग एकदा रानात एकटा असताना त्याला कळलं, की जीभ माझ्या पाठीला टेकवून त्या फटीतून वारा सोडला की शीळ वाजते. साधीसुधी नाही. या माळावर वाजली तर त्या माळावरची टिटवी उडावी अशी. त्या दिवसापासून फटदात्या हे नाव मागे पडलं. ज्या फटीची लाज वाटायची तिच्यावरच पुढे त्याचं घर चाललं.

त्या शिळेचा एक कायदा होता. शीळ वाजत असेपर्यंत मेंढरांनी जागच्या जागी उभं राहायचं. शीळ थांबली की चालायला लागायचं. धुळाप्पाच्या बापाचा हाच कायदा होता आणि आजाचाही. कोकरं तो आईच्या अंगाला चिकटून उभं राहता राहता शिकायची. आमच्याकडे सोलापूर-हैदराबादचा मोठा रस्ता आडवा येतो. चारा एका अंगाला, पाणी दुसऱ्या अंगाला. कळपाला रस्ता ओलांडल्याशिवाय गती नाही आणि गाड्यांना थांबायला सवड नाही. अशा वेळी धुळाप्पा पुढे जाऊन दुभाजकावर उभा राहायचा आणि शीळ धरायचा. ट्रक धडधडत जायचे, धूळ उडायची, मेंढरं कडेला मूर्तीसारखी उभी. रस्ता मोकळा झाला की तो शीळ सोडायचा आणि अख्खा कळप तुरुतुरु पलीकडे.

कळपाच्या पुढे टिळ्या असायचा. कपाळावर पांढरा टिळा, गळ्यात किणकिणणारी पितळी घाटी आणि चालण्यात पाटलाचा डौल असलेला मेंढा. बाकीची मेंढरं धुळाप्पाकडे बघत नसत, टिळ्याकडे बघत. टिळ्या मात्र फक्त माझं ऐकायचा. रस्त्याकडेच्या ढाब्यावरची माणसं म्हणायची, "पोलिसाच्या शिट्टीला गाडी थांबंना, पर धुळाप्पाच्या शिट्टीला मेंढरू थांबतंय." हे ऐकून धुळाप्पा तोंड भरून हसायचा आणि मी उन्हात चमकायचो. तेवढंच माझं कौतुक.

कारण बाकी वेळी मी नुसता त्याचा तिसरा हात होतो. मेंढराला जंताचं औषध पाजताना एक हात त्याच्या जबड्यात, दुसरा मानेभोवती. मग बाटलीचं झाकण कोणी उघडायचं? मी. मेंढरं कोंडायच्या जाळीला वाघर म्हणतात, तिच्या ओल्या गाठी सोडायच्या कोणी? मीच. हरणाबाई, म्हणजे त्याची बायको, दर वेळी ओरडायची आणि तो दर वेळी मान हलवायचा. गंमत बघा, बाजारात मेंढरू घेताना धुळाप्पा आधी त्याचं तोंड उघडून बघायचा. हे दोनदाती, हे चारदाती, ह्याचे झिजलेत, हे म्हातारं झालं. पंचक्रोशीतल्या सगळ्या मेंढरांच्या तोंडात त्यानं डोकावलं असेल, फक्त स्वतःच्या तोंडात कधी नाही. कधी चुकून राखुंडी लागली तर मी सण समजायचो.

आणि मग व्हायचं ते झालं. औषधाची नवी बाटली होती, झाकण चिवट. मेंढरू हातातून सुटायला बघत होतं म्हणून धुळाप्पानं घाईनं मला तिरका लावला. कट्ट असा आवाज आला. माझा अर्ध्याहून जास्त भाग झाकणासकट खाली पडला.

दाताच्या पोटात एक बारीक शीर असते. ती उघडी पडली. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. वारा लागला तरी आग, पाण्याचा थेंब लागला तरी आग. धुळाप्पा बोलायचा थांबला. लवंग झाली, तंबाखूची चिमूट झाली, कोणीतरी सांगितलं म्हणून रॉकेलचं बोटही लावून झालं. रानात गेल्यावर त्यानं सवयीनं शीळ घातली. फुस्स. नुसता वारा गेला. टिळ्यानं मान वर करून पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि खाली मान घालून चरायला लागला.  धुळाप्पाला दातदुखीपेक्षा ते बघणं जड गेलं.

शेवटी हरणाबाईनंच विषय संपवला. "अवो, मेंढराचा पाय मोडला तर तुमी पट्टी बांधताव. सोताच्या तोंडाला काय धाड भरलीय? चला नळदुर्गला."

नळदुर्गच्या दवाखान्यात अर्पिता नावाची तरुण डॉक्टरीण होती, माहेरची मुरुमची. तिनं धुळाप्पाला खुर्चीवर आडवं केलं, दिवा तोंडावर ओढला आणि पहिल्यांदाच कोणीतरी मला नीट पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती रागावली नाही.

"मामा, दात काढायचा न्हाई. मूळ चांगलंय. आधी आतली शीर काढू, मग ह्यावर कॅप बसवू."

शीर काढली. दुखणं गेलं. त्याबरोबर माझ्यातला ओलावाही गेला. असा दात वाळक्या फांदीसारखा ठिसूळ होतो आणि जरा जोर पडला की चिरतो. म्हणून त्याच्यावर टोपी चढवायलाच लागते. तिला डॉक्टर मंडळी कॅप म्हणतात. पण कॅप चढवायच्या आधी दात तयार करावा लागतो आणि तयार करणं म्हणजे घासणं, हे ऐकून माझ्या उरल्यासुरल्या अंगाला कापरं भरलं.

धुळाप्पालाही ते पटेना. "आदीच एवढुसा राहिलाय. त्यो पन घासायचा?"

"मामा, लोकर कातरताना तुम्ही कातडी सोडून कातरता का न्हाई? तसंच हे. कॅपला जाडी असते. तेवढी जागा केली न्हाई तर ती पुढं येईल, खालचे दात तिच्यावर आपटतील आणि ती फुटंल. पण जागेपुरतंच घ्यायचं. घेतलेलं परत लावता येत न्हाई."

पाण्याचा फवारा सुरू झाला आणि ते गरगरणारं हत्यार माझ्याजवळ आलं. पाणी नसतं तर मी तापून करपलो असतो. ती मधे मधे थांबून पाणी येतंय ना ते बघत होती. मी मनात एकच म्हणत होतो, बाई, बास. आता बास. ती माझ्या चारी बाजू तासत होती, पण किंचितच उतार देऊन. वाघरीची मेख फार निमुळती तासली तर दोरी वर सरकून निघून जाते आणि बुंध्यापेक्षा शेंडा जाड ठेवला तर दोरी खाली उतरतच नाही. ती या दोहोंच्या मधलं शोधत होती. माझी उंची तिनं फारशी कमी केली नाही, कारण आखूड मेखेवर काही टिकत नाही. हिरडीजवळ मात्र तिनं माझ्याभोवती एक बारीक पायरी कोरली.

"कॅपची कड ह्या पायरीवर टेकंल," ती म्हणाली. "तिथं जरा जरी फट राहिली तर अन्न शिरतं आणि दात आतनं किडतो. आणि हिरडीला दुखवायचं न्हाई. हिरडी सुजली की सगळंच वाया."

मग तिनं मापाचा साचा घेतला आणि आरशात धुळाप्पाला दाखवत विचारलं, "मधली फट बुजवू का मामा? चेहरा छान दिसंल."

धुळाप्पा काही बोलायच्या आत हरणाबाई म्हणाली, "चेऱ्याचं राहू द्या बाई. मेंढरं चेऱ्याकडं बघत न्हाईत. फट तेवढी जशीच्या तशी ठिवा." डॉक्टरीण हसली आणि तिनं तसं लिहून घेतलं.

जाताना तिनं माझ्यावर एक कच्ची कॅप बसवली. "ही नुसती झाकायला आहे, मामा. हिच्यावर जोर द्यायचा न्हाई, झाकणं उघडायची न्हाईत, शीळ पण घालायची न्हाई. सोलापूरहून पक्की कॅप आठ दिवसांत येईल. तेव्हा नक्की या."

"येतो की," धुळाप्पा म्हणाला.

मित्रांनो, हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा.

सुगी संपली होती. रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतात. कळप रात्रभर शेतात बसला की शेताला खत होतं आणि मेंढपाळाला धान्य मिळतं. माकणीच्या धरणाकडच्या शेतकऱ्यांचा निरोप आला, जल्दी या. कळप काही दवाखान्याची तारीख बघून चालत नाही. धुळाप्पानं घोड्यावर बिऱ्हाड लादलं आणि आम्ही निघालो. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय?

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. कॅप आली आहे म्हणाल्या. धुळाप्पा म्हणाला, "येतो की. उलीसं काम उरकलं की येतो." पुन्हा फोन आला, पुन्हा तेच. हरणाबाईनं टोकलं तर म्हणाला, "दुखत न्हाय की आता. उगं कशाला एवढ्या लांब जायचं?"

आणि घात असा झाला, की कच्च्या कॅपवर शीळ वाजायला लागली. पूर्वीसारखी खणखणीत नाही, पण टिळ्याला कळेल एवढी. धुळाप्पाला वाटलं, भागलं. पण मी आत होतो. मला माहीत होतं. कच्च्या कॅपची कड सैल होत चालली होती. तिच्याखाली ओल शिरत होती, भाकरीचा कण शिरत होता. डॉक्टरणीनं जपून कोरलेली ती पायरी मऊ पडायला लागली होती. मी बुंध्याशी कुजत होतो आणि मला दुखत नव्हतं, हेच माझं सगळ्यात मोठं दुःख. ओरडायला माझ्यात शीरच उरली नव्हती. आधी ठणका मारून मी त्याला दवाखान्यात नेलं होतं. आता मी किती तळमळलो तरी त्याला कळायचा मार्ग नव्हता.

उन्हं तापायला लागली तेव्हा आम्ही परत फिरलो. नळदुर्गजवळचा रस्ता आला. नेहमीसारखाच धुळाप्पा पुढे जाऊन दुभाजकावर उभा राहिला. मागे हरणाबाई घोडा धरून. कडेला टिळ्या आणि त्याच्यामागे कळप. लांबून एक भरलेला ट्रक येत होता. धुळाप्पानं श्वास ओढला आणि शीळ धरली. टिळ्या थांबला. सगळी थांबली.

शीळ जोरात होती, कारण ट्रक वेगात होता. माझ्यावरची कॅप थरथरायला लागली. मी तिला धरून ठेवायची पराकाष्ठा केली, पण धरायला माझ्याकडे होतं काय? माझी कड मऊ झालेली. ती एका बाजूनं उचलली गेली, मग दुसऱ्या, आणि शिळेच्या वाऱ्याबरोबरच तोंडातून उडून रस्त्यावर पडली.

शीळ थांबली.

आणि शीळ थांबली की चालायचं असतं. टिळ्यानं पाऊल उचललं. त्याची काही चूक नव्हती. त्यानं आयुष्यभर पाळलेला कायदा त्या दिवशीही पाळला. धुळाप्पानं फुंकून पाहिलं, पुन्हा फुंकून पाहिलं. फुस्स. मग तो हात वर करून ओरडत धावला, पण मेंढरं त्याच्या ओरडण्याला थांबायला कधी शिकलीच नव्हती. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबले. त्यामुळे मागची वाचली. टिळ्या वाचला नाही.

ट्रकवाला खाली उतरला, हात जोडून उभा राहिला. त्याचीही चूक नव्हती.  धुळाप्पानं टिळ्याचं डोकं मांडीवर घेतलं, सवयीनं त्याचे ओठ वर करून दात पाहिले आणि परत मिटले. हरणाबाईनं घाटी सोडून पदरात बांधली. ते मी पाहिलं, कारण धुळाप्पाचं तोंड उघडंच राहिलं होतं.

त्यानंतर त्यानं शीळ घातली नाही आणि जेवणही नीट केलं नाही. मी उघड्या बुंध्यानं पडून होतो. हिरडी माझ्यावर चढायला लागली होती, जणू मला पुरायलाच आली होती. तिलाही दोष देता येत नव्हता. सोलापूरला कंपनीत कामाला असलेल्या मुलाला, धनाजीला, त्यानं फोनवर सांगितलं, "मेंढरं काढून टाकायचीत. बाजारातला व्यापारी लावून दे."

धनाजी बरं म्हणाला. त्याला बापाचं उन्हातान्हातलं फिरणं तसंही पटत नव्हतं.

संध्याकाळी हरणाबाई त्याच्यासमोर घाटी घेऊन बसली. "ही कुनाच्या गळ्यात बांधू?"

"बांधू नको. काढून टाकायलोय सगळी."

"एका दातापायी?"

"दातापायी न्हाय," धुळाप्पा म्हणाला. "माझ्या जिभंपायी. येतो की म्हनलो आन् गेलो न्हाय. म्या मारलो त्याला."

हरणाबाईनं घाटी पुन्हा पदरात बांधली. मग म्हणाली, "मंग आता तरी जाऊ. टिळ्या येत न्हाय माघारी. पर मागं एवढी उभी हायती, त्यास्नी थांबवायला कोन हाय? इकायची तर इका, म्या आडवी पडत न्हाय. पर आदी दवाखाना, मंग व्यापारी."

डॉक्टरणीच्या दवाखान्यात पाऊल टाकताना धुळाप्पाची मान वर होत नव्हती. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिनं कप्प्यातून एक छोटी डबी काढली. तीत माझी पक्की कॅप होती, इतके महिने वाट बघत पडलेली. तिनं ती माझ्यावर ठेवून पाहिली. कॅप डुगडुगली. ती ज्या दातासाठी बनवली होती तो दात आता राहिला नव्हता.

मग तिनं फोटो काढला, बारीक सळईनं माझ्या भोवती चाचपलं आणि खुर्ची सरळ केली.

"मामा, खरं सांगते. लई थोडा उरलाय. काढून टाकणं सोपंय. मग शेजारचे दोन्ही चांगले दात घासून मधी पूल बसवावा लागंल, तीन दातांचा सलग."

"मंग फट?" धुळाप्पानं विचारलं.

"सलग म्हणजे फट राहत न्हाई."

 मी आतून टाहो फोडत होतो. माझ्या जोडीदाराचं काय? तो धडधाकट, किडीचा ठिपका नसलेला. माझ्यापायी त्याला घासणार. आणि शीळ कायमची गेली म्हणजे कळपही गेला. मी शिल्लक राहिलो तरच हे सगळं राहणार होतं आणि मी शिल्लक किती होतो? एखाद्या भाताच्या शितावर बैलगाडी उभी करायला सांगावी तशी माझी गत होती.

हरणाबाईनं विचारलं, "दुसरं काहीच न्हाय का बाई?"

"एक आहे. दाताच्या मुळात खुंटी बसवून वर बांधून घेते. पण नुसत्या खुंटीवर कॅप टिकत न्हाई. कॅपच्या कडेनं दाताचं स्वतःचं अंग थोडं तरी पकडायला पाहिजे, चारी बाजूंनी."

"मुसळाच्या वसवीवानी," हरणाबाई म्हणाली. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं बसवतात, त्याला वसवी म्हणतात. "लाकूड असलं तर वसवी धरती. लाकूडच कुजलं तर वसवी काय हवंला धरंल?"

"अगदी तसंच, मामी. किडलेलं काढल्यावर लाकूड किती राहतंय ते बघते. राहिलं तर करीन. न्हाई राहिलं तर मग काढावा लागंल. चालंल?"

धुळाप्पानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मित्रांनो, त्या दिवशी मी कापलो जात असताना पहिल्यांदाच बास म्हणत नव्हतो आणि आणखी काप असंही म्हणत नव्हतो. कीड राहिली तरी मी संपणार होतो आणि चांगलं गेलं तरी संपणार होतो. ती मऊ झालेला भाग चमच्यासारख्या हत्यारानं खरवडून काढत होती, थांबत होती, टोचून बघत होती, पुन्हा खरवडत होती. पुढच्या बाजूला टणक लागलं. डाव्या बाजूला लागलं. उजव्या बाजूला लागलं. मागच्या बाजूला मऊच येत राहिलं. ज्या पाठीला जीभ टेकवून तो शीळ घालायचा तीच माझी पाठ. मी वाट बघत होतो. तीही बघत होती. मग हत्यार अडलं आणि कुर्र असा कोरडा आवाज आला. टणक.

"आहे," ती एवढंच म्हणाली.

चढलेली हिरडी तिनं जराशी मागे सारली, म्हणजे माझं उरलेलं अंग वर दिसेल. मुळात खुंटी बसवली, तिच्याभोवती बुंधा बांधला, पुन्हा तो किंचित उतार, पुन्हा ती पायरी, या वेळी निरोगी अंगावर. पुन्हा साचा घेतला, पुन्हा कच्ची कॅप बसवली. "मामा, या वेळी..." ती म्हणायला लागली.

"म्या हितंच हाय," धुळाप्पा म्हणाला. "कॅप आल्याबिगर नळदुर्ग सोडत न्हाय." आणि त्यानं कळप तिथल्याच एका रानात बसवला. शेतकऱ्यांचे निरोप येत राहिले, त्यानं कोणाला होकार दिला नाही. व्यापाऱ्याचाही फोन आला. त्याला तो म्हणाला, दवाखाना झाल्यावर बोलू.

पक्की कॅप आली. ती माझ्यावर उतरली तेव्हा कुठेही डुगडुगली नाही. कड पायरीवर अशी बसली की मधे केसही शिरू नये. माझा उजेड मात्र कायमचा गेला. हरणाबाई निरखून बघत म्हणाली, "लई झ्याक दिसतोय." ते कौतुक कॅपचं होतं. 

डॉक्टरीण म्हणाली, "घाला आता शीळ." धुळाप्पानं मान हलवली. त्याच्याच्यानं होईना.

कळप घेऊन आम्ही त्याच रस्त्यावर आलो. ओलांडल्याशिवाय वस्ती नव्हती. धुळाप्पा दुभाजकावर जाऊन उभा राहिला. त्याच जागेवर. कडेला मेंढरं घुटमळत होती, पुढे कोणीच नव्हतं म्हणून एकमेकांना ढकलत होती. ट्रक येत होते. त्याची जीभ माझ्या पाठीला टेकली आणि मला तिचा थरकाप कळला. शीर गेली तरी एवढं कळतं.

शीळ वाजली. जुनीच. या माळावरून त्या माळावर जाणारी. मेंढरांच्या माना एकदम वर झाल्या आणि सगळी उभी राहिली. पहिला ट्रक गेला. मागचा गेला. बस गेली. कॅपनं मला घट्ट धरलं होतं आणि मी कॅपला. रस्ता मोकळा झाला. तरी शीळ थांबेना. त्याचा श्वास संपत आला, नाकानं ओढून त्यानं ती तशीच धरून ठेवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, चेहरा लाल झाला होता, पण तो शीळ सोडत नव्हता. सोडली की ती चालणार होती. मेंढरं ऊन झेलत उभी.

हरणाबाई घोडा सोडून त्याच्याजवळ आली. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. "अवो, सोडा आता. गाडी न्हाय. लांबवर कायबी न्हाय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि शीळ सोडली. मेंढरं चालायला लागली. एक तरणा मेंढा पुढे झाला. सगळी पार झाल्यावर हरणाबाईनं पदराची गाठ सोडून घाटी त्याच्या गळ्यात बांधली. व्यापाऱ्याचा फोन पुन्हा आला तेव्हा धुळाप्पानं तो तिच्या हातात दिला आणि ती म्हणाली, "इकायची न्हाईत."

आता मी अंधारात असतो. उगवतीचं ऊन मला दिसत नाही, पण भाकरीचा दाब कळतो, शीळ कळते आणि सकाळ-संध्याकाळ धुळाप्पा ब्रश फिरवतो तेही कळतं. बाटलीचं झाकण तो आता हरणाबाईकडे देतो. कधी कधी मला वाटतं, आठ दिवसांनी कॅप आली तेव्हाच तो गेला असता तर मी आज याहून दुप्पट उंच असतो आणि टिळ्या पुढे चालत असता. मग मी तो विचार सोडून देतो, कारण घेतलेलं परत लावता येत नाही.

तुमच्याही तोंडात माझे भाऊबंद आहेत. ते दुखले की तुम्ही त्यांच्याकडे बघालच, ते कोणीही बघतो. दुखायचे थांबले की मात्र जरा जास्त बघा. आणि डॉक्टरांना "येतो की" म्हणालात, तर जा.